बोटीवर न्यायच्या कपड्यांची यादी

मी पत्रकं लिहिते. नवऱ्यानं टाकलेल्या बाईला तिच्या स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड मिळालं पाहिजे, असं पत्रक आम्ही एस.टी. स्टँडवर वाटतो. लोक ते घेतात, निम्मे वाचतात, निम्मे त्यात चुरमुरे बांधून घेतात. माझी हरकत नाही. पत्रक कसं लिहावं हे मला कुठल्याही शिबिरात शिकवलेलं नाही. एका ओळीत एक गोष्ट, मधे उसासा नाही, शेवटी विनवणी नाही. ही शिस्त मी घरात शिकले, एकोणिसाव्या वर्षी, आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून. अव्वा सांगत होती आणि मी लिहीत होते. त्या कागदाचा मथळा होता : बोटीवर न्यायचे कपडे.

अव्वा म्हणजे आई. आम्ही लिंगायत, त्यामुळं घरात निम्मं कानडी. अप्पांची कोल्हापूरला शाहूपुरीत गुळाची अडत. बोट म्हणजे मुंबई-पणजी बोट. ती सकाळी भाऊच्या धक्क्यावरून सुटायची आणि कोकणातल्या बंदरांवर थांबत थांबत दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीला लागायची. आमच्या घरातलं कुणी तोवर रंकाळ्यापेक्षा मोठं पाणी ओलांडून गेलेलं नव्हतं. जायचं कारण मी होते. माझं लग्न धारवाडच्या एका घरात ठरत आलं होतं. मुलगा मुंबईला नोकरीला होता. त्याच्या आईचा निरोप आला : आम्ही मुलाकडं मुंबईला जाऊन परत बोटीनं गोव्याला उतरणार आहोत, तुम्हीही या, चार दिवस सोबत राहिलं की माणसं कळतात.

माणसं कळतात, हे त्या बाईंचं म्हणणं खरं ठरलं.

आता अक्काबद्दल सांगायला पाहिजे. अक्का म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. तिला अठराव्या वर्षी विजापूरकडं दिली. चौथ्या वर्षी नवऱ्यानं दुसरी आणली आणि हिला कोल्हापूरच्या स्टँडवर ट्रंकेसकट सोडून पुढच्या गाडीनं परत गेला. घरापर्यंत आणून सोडायचीसुद्धा तसदी घेतली नाही. कारण विचारू नका. काहीतरी कारण असणारच असं धरून चालणं, हाच अशा बाईचा पहिला अपमान असतो, आणि तो सगळ्यात आधी माहेरचे करतात. धारवाडच्या लोकांना आमच्याकडून सांगितलं गेलं होतं की थोरली दिल्या घरी सुखात आहे. ते मला बघायला आले तेव्हा अक्काला दोन दिवस कोडोलीला मामाकडं धाडलं होतं.

या वेळी मामानं नाही म्हटलं. सारखी सारखी कशी ठेवून घेऊ, भावकी विचारती, असं त्यानं कळवलं. घरी एकटी ठेवणं अव्वाच्या मते शक्यच नव्हतं. टाकलेली बाई एकटी घरात म्हणजे गल्लीला आमंत्रण, असं ती म्हणायची, आणि पोटच्या मुलीबद्दल आपण हे म्हणतोय याचं तिला काही वाटायचं नाही.

"मग अक्का चालंल की संगं," अव्वा म्हणाली.

अप्पांनी पेपर खाली केला. "कोण म्हणून?"

"कामाची बाई म्हणून. त्या लोकांनी कुठं बघितलीया तिला? चार ट्रंका हैत, वळकट्या हैत, माझं गुडघं हे असं. बाई लागतीयाच."

"बघ बाई, तुझं तू."

अप्पांनी पेपर वर केला. हे सगळं स्वयंपाकघरात चाललं होतं आणि अक्का तिथंच भाकरी थापत होती. तिला कुणी विचारलं नाही. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि दुसऱ्या भाकरीचं पीठ मळायला घेतलं. मी काय केलं तेही लिहिते. मी विचारलं, "मग तिचं कपडं यादीत वेगळं लिहू काय?"

"खाली लिही," अव्वा म्हणाली. "रेघ मारून."

मी पट्टी घेऊन रेघ मारली.

रेघेच्या वरचा भाग गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंच्या सल्ल्यानं तयार झाला. त्या पूर्वी कधीतरी मोठ्या जहाजातून आफ्रिकेत भावाकडं जाऊन आल्या होत्या. त्यांनी अव्वाला सांगितलं की जहाजावर सकाळचा पोशाख वेगळा, दुपारी डेकवर बसायचा वेगळा आणि संध्याकाळी जेवताना तर रेशमीच पाहिजे, नाहीतर लोक गावंढळ समजतात. ती जहाजं महिना महिना चालायची. आमची बोट एक दिवस चालणार होती, आणि खाली तिच्यात आंब्याच्या पेट्यांची, सुक्या मासळीची, कोंबड्यांच्या खुराड्यांची माणसं बसायची. ते कुणाच्या डोक्यात आलं नाही. एका दिवसाच्या बोटीला आम्ही तीन वेळांचा पोशाख नेला. माझ्यासाठी पोपटी जॉर्जेट सकाळला, फिक्कट गुलाबी नायलॉन दुपारला, गर्द निळी म्हैसूर सिल्क संध्याकाळला. त्यावर उंच टाचेची सँडल, काळा गॉगल, हातात पर्स. थंडी वाजली तर लोकरीचा स्वेटर, तोही सिल्कला शोभेल असाच, म्हणून महाद्वार रोडवर तीन दुकानं पालथी घातली. अव्वाला दोन इरकली आणि एक जरीकाठी. अप्पांना सफारी, जी त्यांनी पुढं आयुष्यात कधी घातली नाही. खायला कडक भाकरी, शेंगापोळ्या, चटण्या, दही बांधून, कारण बोटीवरच्या खाणावळीत मासे शिजतात आणि आम्हाला त्या वासाचंसुद्धा चालत नाही.

रेघेच्या खाली दोनच ओळी होत्या. जुनी लुगडी दोन. घोंगडं एक.

अक्काची स्वतःची लुगडी जुनी होती, पण बाईची वाटण्याइतकी जुनी नव्हती. म्हणून अव्वानं आमच्या खऱ्या कामवालीला दोन नवी पातळं दिली आणि तिची दोन विटकी लुगडी मागून घेतली. कामवाली चक्रावली. "बोहारणीला देणार काय वैनी? भांडंबी मिळायचं न्हाई त्येच्यावर," ती म्हणाली. अव्वा म्हणाली, "तुला काय करायचंय, दे म्हटलं की द्यायचं."

मग अंगावरचं काढणं सुरू झालं. बांगड्या काढल्या. मंगळसूत्र काढून काळी पोत घातली. इष्टलिंगापाशी येऊन मात्र अव्वा अडली. आमच्यात लिंग गळ्यात असतं आणि ते अंगावेगळं करायचं नसतं, झोपेत नाही, बाळंतपणात नाही. अक्काचं लिंग चांदीच्या डबीत होतं, आणि तसली डबी कामाच्या बाईच्या गळ्यात कुठून येणार, असं ती म्हणाली. अव्वानं डबी उघडली. मग तिनं पांढऱ्या कापडाचा तुकडा फाडला, लिंग त्यात बांधलं, दोऱ्याची गाठ दातानं आवळली आणि ती पुरचुंडी अक्काच्या गळ्यात घातली. गरिबाघरी असंच बांधतात. रिकामी डबी माझ्या ट्रंकेत गेली, सिल्कच्या घडीत.

लेकीला मोलकरीण करताना जिनं मागंपुढं पाहिलं नाही, ती अव्वा लिंगाला धक्का लागू नये म्हणून तेवढी जपली. धर्म कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो, ते मला त्या दिवशी कळायला हवं होतं. कळलं नाही. मी गॉगल घालून आरशात बघत होते.

जायच्या आदल्या दिवशी तालीम झाली. अव्वाला बाईसाहेब म्हणायचं, अप्पांना मालक, मला धाकल्या बाईसाहेब. पदर पुढं ओढून घ्यायचा, कारण आम्हा दोघींचं नाक एकाच साच्यातलं. विचारल्याशिवाय बोलायचं नाही.

"आणि तू मला काय म्हणशील गं?" अक्कानं मला विचारलं.

"काय म्हणू?"

"ए बाई म्हण. कामवालीला म्हणतीस तसंच. फणकाऱ्यानं." ती हसली. मग म्हणाली, "जाऊ दे. समुद्र तरी दिसंल."

ती एवढ्यासाठी येत होती. समुद्र बघायला. तिच्या नशिबातली सहल ती तेवढीच, आणि तीही खोट्या नावानं.

मुंबईला धक्क्यावर पोचलो तेव्हा डॉक्टरीणबाईंचं जहाज कुठं दिसेना. गर्दीचा लोंढा आणि लोखंडी जिना. धारवाडच्या मंडळींनी केबिन घेतली होती, आमची वरच्या डेकची तिकिटं. वरच्या डेकवर जो आधी सतरंजी पसरेल त्याची जागा, हे आम्हाला तिथं कळलं. अव्वानं अक्काच्या पाठीवर हात मारला, "पळ." अक्का घोंगडं बगलेत मारून, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून अशी पळाली की दोन गोंयकार बाया बाजूला झाल्या. आम्ही वर पोचलो तेव्हा ती घोंगड्याच्या मधोमध पाय पसरून बसली होती आणि एका म्हाताऱ्याला सांगत होती, "पावणं, हितं न्हाई. मालक येत्यात माझं."

मी जिन्याच्या चौथ्या पायरीवर अडकले होते. सँडलची टाच लोखंडी जाळीत बसली होती. मागनं माणसं ढकलत होती. कुणीतरी म्हणालं, "बाई, लग्नाला निघालाय काय?" निघालेच होते.

इथं एक गोष्ट सरळ सांगून टाकते, कारण अजून मला मैत्रिणी विचारतात, बोटीनं जायचंय, काय घालू? जुनं आणि सुती घाला. गुडघ्याच्या वर खोचता येईल असं. नायलॉन खाऱ्या वाऱ्यात अंगाला चिकटतं, जॉर्जेटवर धुराड्याची काजळी बसली की निघत नाही, रेशमाला खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग पडतात. पाय उघडे ठेवा. बांगड्या घालू नका, कठडा धरताना फुटतात. थोडक्यात, रेघेच्या खाली लिहिलं होतं ते बरोबर होतं आणि रेघेच्या वर लिहिलं होतं ते सगळं चूक. त्या बोटीवर आमच्यापैकी एकाच माणसाच्या अंगात योग्य कपडे होते, आणि ते तिला शिक्षा म्हणून दिलेले होते.

सकाळ बरी गेली. किनारा डाव्या हाताला दिसत होता. अक्का कठड्याला टेकून समुद्राकडं बघत उभी राहिली. अव्वानं हाक मारली, "बाई, शेंगापोळ्यांचा डबा काढ." ती वळली. एवढाच तिचा समुद्र.

मुलगा आमच्या घोंगड्यावर येऊन बसला. पांढरे कॅनव्हासचे बूट, हातात इंग्रजी मासिक. सभ्य होता, सावकाश बोलायचा. त्याच्यासमोर मला काहीतरी असल्याचं दाखवायचं होतं, आणि माझ्याकडं दाखवायला होती ती एकच गोष्ट, हुकूम सोडायला एक बाई. मी म्हणाले, "ए बाई, पाणी आण." अक्कानं तांब्या-भांडं आणलं. मी भांड्यात बघितलं आणि म्हणाले, "गाळ दिसतोय ह्याच्यात. दुसरं आण." गाळ नव्हता. ती गेली आणि दुसरं घेऊन आली. मुलगा म्हणाला, "तुम्ही घर चांगलं सांभाळाल." मला आवडलं ते. खोटं कशाला लिहू, अंगावर मूठभर मांस चढलं. अक्का पदराआडून माझ्याकडं बघत होती. तिची नजर रागाची नव्हती. तालमीत सांगितलेलं मी बरोबर केलं की नाही, ते ती तपासत होती.

दुपारी वारा फिरला आणि बोट हलायला लागली. पहिली अव्वा आडवी झाली. मग अप्पा सफारीसकट. मुलगा मासिक तोंडाशी धरून कठड्याकडं गेला आणि त्याचे पांढरे बूट पांढरे राहिले नाहीत. मी गुलाबी नायलॉनमध्ये होते, दुपारचा पोशाख, आणि तो मीच ओकून घाण केला. धारवाडच्या बाई, म्हणजे मुलाची आई, केबिनमध्ये गुदमरतंय म्हणून वर आल्या आणि आमच्या घोंगड्यावर पडल्या. दोन्ही घरांची सगळी प्रतिष्ठा त्या एका घोंगड्यावर ओळीनं पसरली होती.

अक्काला बोट लागली नाही. का लागली नाही माहीत नाही. ती अनवाणी, पाय फाकवून, तोल सांभाळत बादली घेऊन एकीकडून दुसरीकडं फिरत होती. लिंबू कापून हुंगायला दिलं. आल्याचा तुकडा दाढेत धरायला दिला. धारवाडच्या बाईंचं कपाळ तिनं तळहातानं दाबून धरलं, जसं आजारी लेकराचं धरतात, आणि दुसऱ्या हातात बादली. वाकली तेव्हा पदर घसरला आणि गळ्यातली पांढरी पुरचुंडी बाहेर लोंबायला लागली. बाईंनी ती बघितली. मीही बघितलं की त्यांनी बघितलं. ओकत असतानासुद्धा त्या बाईंचे डोळे चालू होते.

ऊन कलल्यावर पाणी शांत झालं. आम्ही तोंडं धुतली. निळी सिल्क ट्रंकेतच राहिली, ती नेसायचं त्राण कुणात नव्हतं. अक्कानं सगळ्यांना चहा आणून दिला आणि बाजूला बसून बादली राखेनं घासायला लागली. राख कुठून पैदा केली कुणास ठाऊक. धारवाडच्या बाईंनी दोन घोट घेतले आणि अव्वाला म्हणाल्या, "विहीणबाई, एक मागायचं हाय तुमच्याकडं."

अव्वा घाबरली. हुंड्याचं काढणार असं तिला वाटलं असावं.

"ही बाई आमाला द्या," बाई म्हणाल्या. "पोरीबरोबर पाठराखीण म्हणून येऊ दे, मग राहू दे तिथंच. आपल्यातलीच हाय न्हवं? लिंग बघितलं मी गळ्यात. बाहेरची बाई आमी चुलीपाशी घेत न्हाई. ही सैपाकाला चालंल."

नव्या नवरीबरोबर पहिल्या पाठवणीला घरातली एखादी बाई पाठराखीण म्हणून जाते. बहीण जाते, मावशी जाते, आठ दिवस राहून साडी घेऊन परत येते. मान असतो तो. त्या बाई मागत होत्या ते दुसरंच काहीतरी होतं, पण नाव त्याच मानाचं होतं. आणि मागायचं धाडस आलं ते त्या पुरचुंडीमुळं. लिंग काढून घेतलं असतं तर अक्का बाहेरची ठरली असती आणि सुटली असती. अव्वाच्या भक्तीनंच तिचा सौदा झाला.

अव्वानं अप्पांकडं बघितलं. अप्पा समुद्राकडं बघत होते.

"न्या की," अव्वा म्हणाली. "तिचं हितं तरी कोण हाय."

मी हे जसंच्या तसं लिहिलंय. पंधरा-सोळा वर्षं झाली, एक अक्षर इकडचं तिकडं झालेलं नाही. तिचं हितं तरी कोण हाय. आणि आम्ही तिघं तिच्यापासून दोन हातांवर बसलो होतो, आई, बाप आणि बहीण.

बाई अक्काकडं वळल्या. "येशील काय गं?"

अक्काचा हात बादलीत थांबला. "येते की," ती म्हणाली. लगेच म्हणाली. विचार करून ठेवल्यासारखी.

तेव्हा मी बोलले. "ती माझी बहीण हाय," मी म्हणाले. "सख्खी. थोरली."

मला वाटलं होतं हे वाक्य म्हटलं की काहीतरी कोसळेल. पुढं सभांत बोलताना मला हे कळलं की खरं वाक्य म्हटल्यावर बहुतेक वेळा काहीच कोसळत नाही, लोक खुर्ची नीट करून बसतात. अव्वानं चहाची बशी खाली ठेवली आणि माझ्या कपाळाला हात लावला.

"बोट लागलीया पोरीला," ती म्हणाली. "दुपारपासनं कायबी बरळतीया."

"मी बरळत न्हाई. अप्पा, सांगा की."

अप्पा म्हणाले, "पड जरा. बरं वाटंल."

धारवाडच्या बाईंनी माझ्याकडं बघितलं. मग अक्काला म्हणाल्या, "पदर सार गं जरा मागं." अक्कानं पदर मागं सारला. माझी पावडर गेली होती, काजळ गेलं होतं, दोघींचे चेहरे नुसत्या पाण्यानं धुतलेले. बाई सावकाश एकदा माझं नाक बघत होत्या, एकदा तिचं. मुलगाही बघत होता.

"व्हय गं? तू हिची बहीण?" त्यांनी अक्काला विचारलं.

"न्हाई बाईसाहेब," अक्का म्हणाली. "मी कामाची हाय. ल्हानपणापासनं सांभाळलंय ह्येस्नी, म्हणून म्हणत्यात तसं."

बाईंनी चहाचा कप उचलला. त्यांना कळलं होतं. माझी आजही शपथेवर सांगायची तयारी आहे की त्यांना सगळं कळलं होतं. पण कळलं असं म्हटलं तर सोयरीक मोडावी लागत होती आणि चुलीपाशी चालणारी, उलटी हातात धरणारी, आयुष्यभर कुठं न जाणारी बाई हातची जात होती. नाही कळलं म्हटलं की सून मिळत होती आणि बाईही.

"बोट लागली की असंच हुतंय," त्या म्हणाल्या. "बाई, लिंबू उरलंय काय गं एखादं?"

अक्का लिंबू कापायला उठली.

सकाळी पणजीला धक्क्यावर उतरल्यावर मी मुलाला बाजूला घेतलं आणि सांगितलं की मला हे लग्न करायचं नाही. त्यानं कारण विचारलं नाही. त्यालाही नाकं दिसली होती. तो म्हणाला, "आईला सांगतो." आणि बुटावरचा डाग बघत निघून गेला. गोवा आम्ही पाहिलाच नाही. त्याच दिवशी एस.टी. धरली. आंबोलीचा घाट चढेपर्यंत अव्वा एक शब्द बोलली नाही, आणि घाट संपल्यावर बोलली ते निपाणी येईपर्यंत थांबली नाही.

मला वाटत होतं, मी अक्काला वाचवलं. आपण मोठं काहीतरी केलं, या धुंदीत मी दोन दिवस होते. तिसऱ्या दिवशी परसात गेले. अक्का माझं गुलाबी नायलॉन धूत होती. खाऱ्या पाण्याच्या रेघा निघत नव्हत्या. मी म्हणाले, "टाकून दे ते. मला नको."

"टाकायला काय, तुमास्नी सोपं असतंय," ती म्हणाली.

"अक्का, तू मला खोटं का पाडलंस?"

तिनं पिळा घट्ट आवळला. "तुला कुणी बोलायला सांगितलं होतं?"

"म्हणजे? तू त्यांच्यात मोलकरीण म्हणून राहणार होतीस?"

"हितं कोण म्हणून हाय मी?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "भांडी हितंबी घासतेच की. हितं टाकल्याली म्हणून घासते. तिथं कामाची बाई म्हणून घासली असती. कामाच्या बाईला कुणी बघून जीभ चावत न्हाई. कुणी पावणं आलं की तिला कोडोलीला धाडत न्हाईत. एक दिवस-रात्र बोटीवर होते न्हवं, तेवढ्यात एकदाबी कुणी माझ्याकडं बघून हळू आवाजात बोललं न्हाई. पहिल्यांदा, पाच वर्सांत." मग तिनं नायलॉन झटकून दोरीवर टाकलं. "आणि तू आलीस मधी. बहीण हाय म्हणं. पाणी परत पाठवलंस तवा न्हाई आठवली बहीण."

मी दोरीवरचं नायलॉन सरळ केलं.

पुढचं थोडक्यात. महिन्याभरानं गुळाच्या एका व्यापाऱ्याबरोबर धारवाडहून निरोप आला. लग्नाचं मोडलं ते राहू दे, पण बाई द्यायची कबूल केली होती, तिचं काय? अव्वा म्हणाली, लोकांना काय सांगायचं? अक्कानंच तोड काढली. "सांगा, नवऱ्यानं परत नेली."

अव्वानं गल्लीत पेढे वाटले. डॉक्टरीणबाई घरी येऊन म्हणाल्या, शेवटी देवानं डोळे उघडले हो. अव्वाच्या डोळ्यांत पाणी आलं, खरोखरचं. मला वाटतं, वाटता वाटता तिचाही त्यावर विश्वास बसला होता.

अक्कानं ट्रंक नेली नाही. यादी लिहून देऊ काय म्हणून मी विचारलं, ती म्हणाली, दोन लुगड्यांना यादी कशाला लागतीया. ती दोन विटकी लुगडी, तेच घोंगडं, गळ्यात तीच पुरचुंडी. चांदीची डबी मी पुढं केली तर म्हणाली, "कामाच्या बाईच्या गळ्यात ती कुठनं येणार?" अव्वाचेच शब्द, अव्वाच्याच आवाजात. स्टँडवर सोडायला मी एकटी गेले. याच स्टँडवर तिला टाकून गेले होते, आणि आता याच स्टँडवर मी पत्रकं वाटते.

गेल्या वर्षी धारवाडला आमची सभा होती. पत्रक कानडीत करून नेलं होतं. डबी पर्समध्ये घेऊन मी त्या घरी गेले. मागच्या दारानं, कारण पुढच्या दारानं गेले असते तर ती अडचणीत आली असती, एवढं मी आता शिकले आहे. परसात अक्का डाळ पाखडत बसली होती. अंगानं भरली होती. केस पांढरे झाले होते. मला बघून तिचं सूप थांबलं.

मी पत्रक पुढं केलं. तिनं हातात घेतलं, पाठपोट बघितलं. तिला दोन्ही भाषा वाचता येतात. वाचून झाल्यावर विचारलं, "रेशनकार्डावर नाव घालायचं?"

"व्हय. तुझ्या स्वतःच्या नावाचं. कायदा करायला लावणार आहोत."

"माझं नाव हाय की ह्यांच्या कार्डावर," ती म्हणाली. "पाचवं." आणि तिनं पत्रकाची घडी करून सुपाखाली ठेवली.

मी डबी काढली. तिनं ती बघितली, हात पुढं केला नाही. तेवढ्यात आतून धारवाडच्या बाईंचा आवाज आला. म्हाताऱ्या झाल्या होत्या, पण आवाज तोच होता.

"कोण आलंय गं परसात?"

अक्कानं पदर डोक्यावर घेतला, पुढं ओढला, नाकापर्यंत.

"कोल्हापूरच्या धाकल्या बाईसाहेब हैत," तिनं ओरडून सांगितलं. "निघाल्यात."

मी डबी पर्समध्ये टाकली आणि निघाले.